बीट्रिक्स पॉटर यांची सर्जनप्रेरणा : चरित्र, निरीक्षण आणि चित्र

प्रास्ताविक

बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे बहुतांशी शब्दांची समीक्षा राहिली आहे. मुलांच्या पुस्तकातील चित्र मजकुराला पूरक, सजावटीचे, फार तर मुलाला पुस्तकाकडे ओढून आणणारे साधन मानले जाते. चित्रकाराविषयी स्वतंत्रपणे लिहिले गेलेच, तर ते चरित्राच्या अंगाने आणि त्यातही एखाद्या दुःखाचा शोध घेत लिहिले जाते. चित्रामागे जखम असलीच पाहिजे, असे जणू गृहीतच धरलेले असते. इंग्लंडमधील लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) यांच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले आहे.

त्यांची कथा साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगितली जाते. लंडनमधील श्रीमंत घरातील एक एकाकी मुलगी. तिला शाळेत पाठवले गेले नाही. ती पाळीव प्राण्यांत रमली. वनस्पतिशास्त्रात काही करू पाहिले, तर पुरुषांच्या संस्थेने दार लावून घेतले. ज्याच्याशी विवाह ठरला तो महिन्याभरात मरण पावला. म्हणून तिने मुलांसाठी ससे रंगवले. मार्गारेट लेन यांनी १९४६ मध्ये लिहिलेल्या पहिल्या चरित्राने या कथेचा पाया घातला आणि २००६ च्या ‘मिस पॉटर’ या चित्रपटाने तिच्यातील प्रेमकथेचा भाग नव्या पिढीपर्यंत पोहोचवला. यातील घटना बव्हंशी खऱ्या आहेत. त्यांना जोडणारा ‘म्हणून’ मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. मुलांसाठी काढलेली चित्रे ही एखाद्या उणिवेची भरपाई असतात की जग जाणून घेण्याची एक पूर्ण पद्धती असते, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात पॉटर यांच्या चरित्रातील काही तारखा आणि त्यांच्या चित्रांतील काही तपशील समोरासमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

जडणघडण

बीट्रिक्स पॉटर यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात, बोल्टन गार्डन्स येथे झाला. आईवडील दोघांच्याही घराण्यांची संपत्ती लँकेशायरमधील कापडउद्योगातून आलेली होती. वडील रुपर्ट पॉटर बॅरिस्टर होते. परंतु त्यांचा खरा ओढा छायाचित्रणाकडे होता. प्रसिद्ध चित्रकार जॉन एव्हरेट मिले हे त्यांचे स्नेही, आणि मिले यांच्या कामासाठी ते छायाचित्रे काढून देत. घरात चित्रप्रदर्शनांची चर्चा असे आणि रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांची मूळ चित्रे विकत घेतली जात. मुलीला शाळा नव्हती हे खरे. पण घरी येणाऱ्या शिक्षिका होत्या, रंग होते, कागद होते आणि तिने काय काढावे यावर फारशी बंधने नव्हती. शालेय शिक्षणाने आपल्यातील स्वतंत्रपणा कदाचित घासून गेला असता, असे त्या पुढे स्वतःच म्हणत. ‘वंचित बालपण’ हे वर्णन या घराला जेमतेमच लागू पडते.

धाकटा भाऊ बर्ट्रम आणि त्या मिळून घरात ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे पाळत. यात लडिवाळपणाच्या जोडीला कठोर कुतूहलही होते, ही गोष्ट चरित्रकार कधीकधी हलकेच बाजूला सारतात. प्राणी मेला की ही भावंडे त्याचा सांगाडा मिळवण्यासाठी तो उकळत, हाडे जुळवत, मोजत आणि रेखाटत. ज्या हाताने सशाला कुरवाळले त्याच हाताने त्याची हाडेही हाताळली. पॉटर यांचा ससा दोन पायांवर उभा राहिला तरी त्याचे कंबरेचे हाड कुठे असावे हे आपल्याला कळते, त्याचे कारण या खोलीत आहे.

उन्हाळ्याचे महिने आधी स्कॉटलंडमधील डॅलगाइझ येथे आणि १८८२ पासून बहुधा इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जात. तरुणपणी सुमारे पंधरा वर्षे त्यांनी सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. ती लिपी लेस्ली लिंडर यांनी १९५८ मध्ये उलगडली आणि १९६६ मध्ये ती रोजनिशी प्रसिद्ध झाली. गुप्त लिपी म्हटली की वाचकाला गुप्त व्यथेची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तेथे खिन्नतेच्या नोंदींबरोबरच प्रदर्शनांतील चित्रांवरील निर्भीड शेरे, राजकारणाच्या बातम्या, नातेवाइकांचे किस्से आणि निसर्गातील नोंदी विपुल आहेत. मिले यांनी त्यांना एकदा सांगितले होते की चित्र काढता येणारे पुष्कळ असतात, तिच्यापाशी मात्र निरीक्षण आहे. ही शाबासकी त्यांनी जपून ठेवली.

तारखांची साक्ष

आता ‘म्हणून’कडे वळू. पॉटर यांना अळंबी आणि इतर कवकांचा ध्यास होता. स्कॉटलंडमधील डंकेल्ड परिसरातील निसर्गअभ्यासक पोस्टमन चार्ल्स मॅकिन्टॉश त्यांना पोस्टाने नमुने पाठवत आणि त्या जलरंगांत त्यांची शास्त्रीय अचूकतेची चित्रे करून पाठवत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजवून पाहण्यापर्यंत त्यांची मजल गेली. रसायनशास्त्रज्ञ असलेले सर हेन्री रॉस्को (आत्याचे यजमान) यांच्या ओळखीने त्या क्यू येथील वनस्पतिउद्यानात गेल्या. तेथील संचालकांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. बीजाणूंच्या अंकुरणावरील त्यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला. पण स्त्रियांना सभेत प्रवेश नसल्याने क्यूमधील जॉर्ज मॅसी यांनी तो मांडला. पुढे निबंध मागे घेण्यात आला आणि त्याची प्रत आज उपलब्ध नाही. त्यांच्यावर अन्याय झाला, याची कबुली सोसायटीने शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये दिली.

हा अन्याय होता यात शंका नाही. परंतु तो बालचित्रांचा उगम नव्हता, हे सांगायला तारखा पुरेशा आहेत. सशांची चित्रे शुभेच्छापत्रांसाठी त्यांनी विकली ती १८९० मध्ये, म्हणजे लिनियन सोसायटीच्या सात वर्षे आधी. या चित्रांचा नमुना होता बेंजामिन बाउन्सर नावाचा त्यांचा ससा. मिळालेल्या यशाच्या आनंदात त्यांनी त्याला कपभर भांगेच्या बिया खाऊ घातल्या आणि दुसऱ्या दिवशी तो इतका झिंगलेला होता की त्याचे चित्र काढणे अशक्य झाले, अशी हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. (बक्षिसाची ही कल्पना भारतीय वाचकाला अधिकच गमतीची वाटावी.) पीटर रॅबिटची गोष्ट लिहिली गेली ती ४ सप्टेंबर १८९३ रोजी, एका सचित्र पत्रात. त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिका अ‍ॅनी मूर यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला काय लिहावे हे सुचेना, तेव्हा चार सशांची गोष्टच त्यांनी लिहून पाठवली. पत्र डंकेल्डहून गेले होते, म्हणजे अळंबी जिथे शोधली जात होती तिथूनच.

तेव्हा विज्ञान संपले आणि बालसाहित्य सुरू झाले, असा क्रम येथे दिसत नाही. दोन्ही कामे एकाच दशकात, एकाच रंगपेटीतून आणि अनेकदा एकाच सुट्टीत चालू होती. निबंध मागे घेतल्यानंतरही काही काळ त्यांनी कवकांचा अभ्यास सोडला नव्हता. लिंडा लिअर यांनी २००७ च्या चरित्रात पॉटर यांचे आयुष्य निसर्गाशी असलेल्या नात्याच्या सूत्राने मांडले आहे. या सूत्राला चित्रांतून आणखी बळकटी मिळते, असे मला वाटते.

अंगरखा आणि चार पाय

प्राण्यांना माणसासारखे बोलायला लावणे ही काही पॉटर यांची निर्मिती नव्हे. पंचतंत्रातील करटक-दमनक किंवा ईसापचा कोल्हा आपल्या परिचयाचे आहेत. मात्र पंचतंत्रातील कोल्हा कोल्हा असण्याची गरज तो धूर्त असण्यापुरतीच असते. त्याचा पंजा कसा वळतो याच्याशी कथेला कर्तव्य नसते. पॉटर यांनीही ईसापचे ऋण मानले आहे. शहरी व खेडवळ उंदरांची कथा त्यांनी १९१८ मध्ये ‘द टेल ऑफ जॉनी टाउन-माउस’ या नावाने नव्याने सांगितली आणि पुस्तक ईसापलाच अर्पण केले. तरी त्यांची वाट वेगळी आहे. त्यांच्या पुस्तकांत प्राणी हा गुणाचे प्रतीक नसून देह आहे, आणि हा देह कपड्यांत पूर्णपणे मावत नाही.

‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आई पीटरला निळा अंगरखा घालून, बटणे लावून पाठवते आणि मिस्टर मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नकोस असे बजावते. तिथे गेल्यावर त्याच्या वडिलांचे काय झाले, तेही सांगते : मॅकग्रेगरबाईने त्यांचे पाय केले, म्हणजे मांस घालून भाजलेला पदार्थ. मुलांच्या पुस्तकातील हे वाक्य आजही मोठ्यांना दचकवते. पॉटर ते हवामान सांगावे तशा स्वरात सांगून पुढे जातात. पुढे बागेत पाठलाग सुरू होतो. पीटरचा एक बूट कोबीच्या वाफ्यात पडतो, दुसरा बटाट्यांत. बूट गेल्यावर तो चार पायांवर धावू लागतो आणि त्याचा वेग वाढतो. तो निसटलाही असता, पण अंगरख्याची मोठी बटणे गूजबेरीवरच्या जाळ्यात अडकतात. अंगरखा तिथेच सोडून दिला तेव्हाच त्याचा जीव वाचतो. मॅकग्रेगर त्या कपड्यांचे बुजगावणे करतो.

म्हणजे आईने माणसासारखे सजवून पाठवलेला मुलगा ससा झाला तेव्हा वाचला. हा विचार कथेच्या मजकुरात कुठेही उच्चारलेला नाही. तो चित्रांत आहे : सुरुवातीच्या पानांवर दोन पायांवर ताठ उभे असलेले शरीर, मग पुढे झुकलेले, मग जमिनीला समांतर झालेले. सशाच्या मागच्या पायांची ताकद आणि कानांची दिशा चुकली असती तर हा अर्थ उमटलाच नसता. ज्या शरीररचनेचा अभ्यास वैज्ञानिकाला करावा लागतो, तोच येथे कथानक पुढे नेतो.

याच वस्त्रांचा उलटा उपयोग ‘द टेल ऑफ मिस्टर जेरेमी फिशर’ (१९०६) मध्ये दिसतो. त्यातील बेडूक रबरी रेनकोट घालून मासेमारीला जातो. एक मोठा ट्राउट मासा त्याला गिळतो. पण रेनकोटची चव न आवडल्याने थुंकून टाकतो. येथे कपडे जीव वाचवतात. चित्रातील बेडूक पाहताना कॅल्डेकॉट यांच्या नाचऱ्या बेडकाची आठवण येते आणि पॉटर यांनी हे ऋण कधी लपवले नाही. पण कॅल्डेकॉट यांचा बेडूक हा बेडकाचे सोंग घेतलेला रसिक गृहस्थ आहे. पॉटर यांचा बेडूक ओलसर आहे, त्याच्या गुडघ्यांचा कोन खरा आहे आणि तो गृहस्थपणे जेवतो ते नाकतोडे.

‘द टेल ऑफ मिसेस टिगी-विंकल’ (१९०५) मधील धोबीण हे याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण म्हणावे लागेल. हेजहॉग हा काटेरी अंगाचा छोटा प्राणी. त्यांच्याकडे टिगी नावाची पाळलेली हेजहॉग होती आणि डॅलगाइझमधील किटी मॅक्डोनाल्ड ही म्हातारी परटीण त्यांच्या मनात होती. या दोघींच्या मिश्रणातून ही व्यक्तिरेखा घडली. खरी टिगी काही वेळ उभी धरली की आधी जांभया देई आणि मग चावे. म्हणून कपडे रंगवण्यासाठी कापसाची बाहुली वापरण्याचा बेत त्यांनी केला. पुस्तकात टिगीबाई टोपी, झगा, शाल घालून इतर प्राण्यांचे कपडे इस्त्री करतात. शेवटी लहानगी ल्युसी निरोप घ्यायला वळते तेव्हा टेकडीवर पळत जाणारे काहीतरी तपकिरी, काटेरी दिसते; टोपी नाही, झगा नाही. कल्पिताचे वस्त्र उतरले आणि खाली प्राणी तसाच होता. स्वप्न होते की नव्हते, हा वाद लेखिकेने दोन्ही बाजूंनी खुला ठेवला आहे. चित्रकाराने मात्र प्राण्याच्या बाजूने कौल दिला आहे.

या पद्धतीचे काम खर्चाचे होते. पीटरचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केले, तेव्हा पॉटर यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. त्यात मुखचित्र वगळता चित्रे एकरंगी होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनीने रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढेच असावे आणि किंमत परवडणारी असावी, हा आग्रह त्यांचा होता. १९०३ मध्ये पीटरच्या बाहुलीची नोंदणीही त्यांनी करून घेतली. स्वप्नाळू एकाकी स्त्रीच्या प्रतिमेत हा व्यवहारी आग्रह बसत नाही, त्यामुळे त्याचा उल्लेख बहुधा ओझरता होतो.

‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ (१९०३) साठी त्यांनी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जाऊन अठराव्या शतकातील कशिदाकारीचे कपडे समोर ठेवून रेखाटले. आजारी शिंप्याचे काम रातोरात पूर्ण करणाऱ्या उंदरांपाशी शेवटच्या काजापुरता दोरा उरत नाही, ही या कथेची नाजूक कळ आहे. चित्रातील काज आणि टाके इतके खरे नसते तर ती जाणवली नसती. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत सुंदर पुस्तक आहे. पीटरची लोकप्रियता त्याला लाभली नाही.

ग्रीन यांचा तर्क आणि पॉटर यांचे उत्तर

२५ जुलै १९०५ रोजी त्यांच्या पुस्तकांचे काम पाहणाऱ्या नॉर्मन वॉर्न यांनी त्यांना मागणी घातली. प्रकाशन हा ‘धंदा’ म्हणून आईवडिलांचा विरोध होता. ठीक एका महिन्याने, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने वारले. त्याच वर्षी पॉटर यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरी गावातील हिल टॉप हे शेत विकत घेतले.

यानंतरच्या पुस्तकांत काळोख वाढला, हे निरीक्षण बरोबर आहे. ‘द टेल ऑफ जेमायमा पडल-डक’ (१९०८) मधील सभ्य लालसर मिशांचा गृहस्थ त्या भोळ्या बदकिणीलाच मसाल्याची पाने व कांदा आणायला सांगतो. ते तिच्याच पोटात भरायचे आहेत हे तिला कळत नाही, मुलाला कळते. तिला सोडवायला आलेली कुत्र्याची पिल्ले तिची अंडी खाऊन टाकतात. सॅम्युएल व्हिस्कर्सच्या कथेत मांजराच्या पिल्लाला दोन घुशी कणकेत लाटतात. ‘द टेल ऑफ मिस्टर टॉड’ (१९१२) च्या प्रारंभीच लेखिका सांगते की, भल्या वागणुकीच्या लोकांवर पुष्कळ पुस्तके लिहिली, आता बदल म्हणून अप्रिय लोकांची कथा.

ग्रॅहम ग्रीन यांनी १९३३ मधील आपल्या लेखात असा तर्क मांडला की, या वर्षांत पॉटर यांना एखाद्या भावनिक यातनेतून जावे लागले असावे. लेखात विनोदाची छटा आहे, पण तर्काची पद्धत परिचित आहे. पॉटर यांनी त्यांना चिडून कळवले की ‘मिस्टर टॉड’च्या वेळी यातना वगैरे काही नव्हती, फ्लूनंतरचा अशक्तपणा होता, आणि फ्रॉइडच्या वळणाची समीक्षा आपल्याला मान्य नाही. लेखकाचे स्वतःविषयीचे विधान अंतिम मानू नये, हे खरेच. परंतु येथे समीक्षकाने दुसरे, अधिक जवळचे कारण दुर्लक्षिले आहे. त्या आता शेतावर होत्या. हिल टॉपवर बदके होती, त्यांची अंडी उचलली जात होती, भिंतींत घुशी होत्या, डुकरे वाढवून विकली जात होती. सॅम्युएल व्हिस्कर्सच्या पुस्तकातील जिना आणि खोल्या हिल टॉपच्याच आहेत. बोल्टन गार्डन्समध्ये प्राणी पिंजऱ्यात मरत होता. शेतावर एक प्राणी दुसऱ्याच्या तोंडी जात होता. पाहणारी नजर तीच राहिली, समोरचे दृश्य बदलले. काळोखाचे स्पष्टीकरण शोकात नाही असे मी म्हणत नाही. केवळ शोकात शोधले तर चित्रांतील निम्मे दिसत नाही, एवढेच.

शिवाय वडिलांच्या मृत्यूची ती थंड बातमी १९०२ च्या पुस्तकात होतीच. तेव्हा नॉर्मन वॉर्न हयात होते.

चित्रे थांबली तेव्हा

१५ ऑक्टोबर १९१३ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी विवाह केला. पुस्तकांचा वेग यानंतर ओसरला. याची दोन कारणे सांगितली जातात, क्षीण होत चाललेली दृष्टी आणि शेतीचा व्याप. ‘सुख आले, कला गेली’ हे तिसरे स्पष्टीकरणही दिले जाते. दुःखातून कला जन्मते हे गृहीत धरले की ते आपोआप येते. १९२९ मधील ‘द फेअरी कॅराव्हॅन’ आणि १९३० मधील ‘लिटल पिग रॉबिन्सन’ ही पुस्तके आधीच्यांपेक्षा सैल आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु निरीक्षण थांबले नव्हते. त्याचा विषय आता हर्डविक ही डोंगराळ भागातील काटक मेंढी होता. १९२३ मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क हे मोठे शेत घेतले, मेंढपाळ टॉम स्टोरी यांच्या मदतीने कळप जोपासला, प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली. हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेच्या नियोजित अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली होती. पदभार घेण्यापूर्वीच २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि अनेक शेते त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिली. तरुणपणी ज्यांच्याशी परिचय झाला ते कॅनन हार्डविक रॉन्सली हे या संस्थेचे एक संस्थापक. डोंगरावरील शेतांत हर्डविक जातीचेच शुद्ध कळप राखले जावेत, अशी इच्छा त्यांनी नोंदवून ठेवली. अळंबीची चित्रे अँबलसाइडमधील आर्मिट ग्रंथालयाकडे गेली. त्यांपैकी ५९ चित्रे डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी १९६७ मध्ये कवकांवरील आपल्या ग्रंथात वापरली. लिनियन सोसायटीत निबंध सादर झाल्याला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती, आणि नमुने ओळखण्यासाठी ती चित्रे अजून पुरेशी अचूक होती.